गाडी कशी बंद पडली, ते आधी आठव

चि. बाळू,


माळशेज घाटात टोमॅटो भरलेली पिकअप बंद पडली, मेकॅनिकने बॅटरी, डिझेल फिल्टर आणि एक रिले बदलला आणि गाडी मार्गी लागली, असं तू फोनवर सांगितलंस. माल वेळेत कल्याणला पोचला, बरं झालं. पण नेमका बिघाड काय होता, असं विचारल्यावर तू गप्प झालास. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. तीन वस्तू एका दमात बदलल्या तर दोष कशात होता, हे कुणालाच कळत नाही. न सापडलेला दोष गाडीतच राहतो आणि पुढच्या भाड्याला पुन्हा रस्त्यात उभं करतो.

गाडी बंद पडली की आपला हात आधी चावीकडे जातो. तो आवर. बंद पडण्याआधीचं अर्धं मिनिट आठव, कारण निम्मं निदान तिथेच असतं. गाडी चढाला ओढत नव्हती, हिसके देत होती, पाय दाबूनही पिकअप घेत नव्हती आणि मग बंद झाली, तर डिझेलचा रस्ता बघायचा: फिल्टर चोक झालाय, पाइप एअर ओढतोय किंवा डिझेलमध्ये पाणी आहे. चांगली पळणारी गाडी चावी काढल्यासारखी एकदम बंद झाली, तर बहुतेक वेळा करंटचा प्रश्न असतो: फ्यूज, रिले, ढिलं टर्मिनल, सेन्सर. आणि टेम्परेचरचा काटा वर जाऊन बंद झाली असेल, तर सेल्फला हातच लावू नकोस. आधी इंजिन थंड होऊ दे, मग पाणी आणि ऑइल बघ. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे तुला माहीत आहेच.

या सगळ्याच्या आधी गाडी कडेला घे. इंजिन बंद झालं की ब्रेकची मदतही संपते. दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं घट्ट होतं, स्टिअरिंगही जड होतं. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा सोडून दाबू नकोस, एकदाच दाबून धरून थांबव. हँडब्रेक ओढ, चाकांना दगड लाव, त्रिकोण बराच मागे ठेव. धुक्यात तर ही कामं आधी, बॉनेट नंतर. अडकलास तर ११२ लाव.

मग सेल्फ मार आणि कान दे. नुसतं टक-टक वाजतंय किंवा काहीच नाही, तर बॅटरी मेली असं लगेच ठरवू नकोस. टर्मिनल हाताने हलवून बघ, अर्थिंगची पट्टी इंजिनाला घट्ट आहे का बघ. सेल्फ जोमात फिरतोय पण इंजिन पेटत नाही, तर सोबत्याला सायलेन्सरकडे उभं कर. पांढरा धूर आला, तर डिझेल आत जातंय पण जळत नाही. धूरच नाही, तर डिझेल पोचत नाही किंवा गाडीचा कंप्युटर ते सोडत नाही. इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भरभर फिरल्यासारखं वाटलं, तर टायमिंग तुटलं असण्याची शक्यता आहे. तिथे थांब आणि टोचन करून गाडी आण. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही, मध्ये मिनिटभर विश्रांती द्यायची. तू त्या दिवशी बॅटरी उतरेपर्यंत मारत राहिलास. म्हणजे बॅटरीचं बिल बिघाडाचं नव्हे, घाईचं होतं.

डिझेलवर संशय असेल तर फिल्टरखालचा ड्रेन ढिला करून थोडं डिझेल पारदर्शक बाटलीत घे आणि पाच मिनिटं स्थिर ठेव. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो. मग डिझेलचा हँडपंप कडक लागेपर्यंत दाब. कडक होतच नसेल तर कुठेतरी एअर येतेय, टाकीपासून फिल्टरपर्यंतचे जोड आणि क्लॅम्प तपास. पण जुन्या गाड्यांत नोजलचे नट ढिले करून एअर काढायचे, तसं तुझ्या कॉमन रेल इंजिनवर कधीही करू नकोस. तुझ्या टायरमध्ये चार-साडेचार बार हवा असते, रेलमध्ये हजार बारच्या वर दाब जातो. त्या दाबाची डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते आणि वेळेवर ऑपरेशन झालं नाही तर बोट, हातही जातो. इथरचा स्प्रेसुद्धा मारू नकोस. हीटर प्लग तापलेला असेल तर भडका उडतो.

आता तुझ्या गाडीबद्दल. इंजिन पुरतं तापलेलं, हिसका नाही, एकदम बंद. तासाभराने दुसऱ्याच्या बॅटरीवर वायर जोडली तर पहिल्या सेल्फला चालू, आणि तेव्हा फिल्टर जुनाच होता. या लक्षणांत डिझेलचा दोष मला दिसत नाही. माझा संशय क्रँक सेन्सरवर किंवा त्याच्या वायरवर आहे. हा सेन्सर इंजिन फिरताना कुठल्या स्थितीत आहे ते कंप्युटरला सांगतो, आणि त्याचा सिग्नल गेला की कंप्युटर डिझेल बंद करतो. आतून खराब झालेला सेन्सर तापला की सिग्नल सोडतो, निवला की पुन्हा देतो. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरा तरी उचलत होता का, आठव. अजिबात हलला नसेल तर संशय पक्का होत जातो.

सेन्सर लगेच विकत घेऊ नकोस. आधी स्कॅनर लावून घे आणि मेकॅनिकने कोड पुसण्याआधी स्वतः लिहून घे. मग सेन्सरचा प्लग काढून आत ऑइल किंवा हिरवा गंज आहे का बघ. वायर ब्रॅकेटला घासून आतली तांब्याची तार उघडी पडली असेल, तर सेन्सर बदलूनही गाडी पुन्हा बंद पडेल.

रविवारी गाडी घेऊन माझ्याकडे ये. इंजिन तापवून आपण दोघं बघू. काढलेला फिल्टर आणि रिले मेकॅनिककडून मागून आण, दोन्ही तपासायचे आहेत. तोवर भरलेली गाडी घाटात घालू नकोस, भाडं दुसऱ्याला दे.

तुझा,
मामा