केक मध्यें कां खचतो?

नाताळची सुटी संपून शाळा भरली म्हणजे एखादी तरी विद्यार्थिनी हिरमुसलेल्या चेहऱ्यानें सांगते, "बाई, केक छान फुगला होता, पण पाहतां पाहतां मध्यें खड्डा पडला." कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका मुलीनें, चार अंडीं व पाव किलो लोणी फुकट घालविलें म्हणून, घरीं बोलणीं खाल्लीं होतीं. पुन्हां केकच्या वाटेस जावयाचें नाहीं, असा तिचा निश्चय झाला होता.

मीं तिला कृति लिहून आणावयास सांगितलें. तींत बेकिंग पावडर दोन चमचे होती. घरीं पावडर नव्हती म्हणून तिनें तितकाच खाण्याचा सोडा घातला होता! दोन्ही पांढरीं, दोन्ही फुगविणारीं. मग भेद तो काय? सोड्यास वायु सोडण्यासाठीं दहीं, ताक, लिंबाचा रस असें कांहीं आंबट लागतें. पावडरींत सोड्याबरोबर कोरडें अम्ल व स्टार्च आधींच मिसळलेलें असतें. बर्मिंगहॅम येथील आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्यानें ती १८४३ सालीं तयार केली, कारण त्याच्या पत्नीस यीस्ट सोसत नसे. चमच्यास चमचा धरल्यास सोडा तिच्या तिप्पट-चौपट प्रखर. शिवाय आंबटावांचून तो नुसता तापला, म्हणजे मागें धुण्याच्या सोड्याचा क्षार उरतो. केकला साबणासारखी चव येते ती त्यामुळेंच.

आतां खड्ड्याविषयीं. केकचें ओलें पीठ म्हणजे असंख्य बुडबुड्यांचें घर होय. उष्णतेनें वायु प्रसरण पावतो व घर उंच होतें; पण अंडें व पिठांतील स्टार्च शिजून घट्ट झाल्यावांचून त्याच्या भिंती उभ्या राहत नाहींत. वायु फार झाला तर त्या आधींच फुटतात. साखर प्रमाणाबाहेर असल्यास त्या उशिरां घट्ट होतात. आणि मुलांनो, केक झाला काय हें पाहण्यासाठीं दर पांच मिनिटांनीं ओव्हनचें दार उघडलें, तर आंतील उष्णता जाते, वायु आकसतो, ओल्या भिंती खालीं बसतात. नेमलेल्या वेळेपैकीं पाऊण हिस्सा सरेपर्यंत हात आवरावा. नंतर विणकामाची स्वच्छ सुई मध्यभागीं खुपसावी. ती ओल्या पिठानें माखून आली तर केक कच्चा आहे.

वरचा भाग डोंगरासारखा फुगून तडकला तर आंच फार होती असें समजावें: साल आधीं घट्ट होते, व आंतील पीठ मागाहून तिला फोडून वर येतें. साध्या केकला १८० अंश सेल्सिअस पुरे. ओव्हन नसतां वाळू घातलेल्या पातेल्यांत भाजणाऱ्यांनीं आंच मंदच ठेवावी. मैदा घातल्यावर फार वेळ घोटल्यास केक चिवट होतो. (पुरुषमंडळींस फेटावयास दिलें म्हणजे हें हटकून घडतें.) बेदाणे तळाशीं बसत असतील तर बहुधा पीठ पातळ झालेलें असतें.

पुढें ईस्टरला ती मुलगी केकचा तुकडा घेऊन आली. खड्ड्याचा मागमूस नव्हता. वर मात्र लांब भेग होती. मीं कांहीं बोलण्याआधींच ती म्हणाली, "बाई, आंच जास्त झाली."