घरी राहणाऱ्या वृद्धांना स्वयंसेवकांचा आधार

प्रश्न : वैद्यकीय शिक्षण नसलेले स्वयंसेवक घरी राहणाऱ्या आजारी वृद्धांसाठी नेमके काय करू शकतात?

उत्तर : केरळमधील पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारात वेदना व त्रास कमी करणारी सेवा, हे याचे भारतातील सर्वांत ठळक उदाहरण आहे. कोझिकोडला १९९३ मध्ये या कामाची संस्था स्थापन झाली. पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत गावकरीच प्रशिक्षण घेऊन त्यात उतरले आणि २००८ मध्ये राज्याने स्वतंत्र धोरण आणले.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला मोठा धोका बेडसोरचा, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेचा. माकडहाड, टाचा, कुल्ले रोज पाहावे लागतात. दाबल्यावरही त्वचेची लाली जात नसेल, तर जखमेची ती सुरुवात असते. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, म्हणून ऊब आणि कडकपणा हाताने तपासावा. साधारण दर दोन तासांनी कूस बदलण्याची सवय स्वयंसेवक घरच्यांना लावू शकतात. औषध संपले, घरात शिधा नाही, हेही त्यांनाच आधी कळते आणि ते परिचारिकेपर्यंत किंवा पंचायतीपर्यंत पोचवणे हे मोलाचे काम आहे. गोळ्यांची मात्रा मात्र त्यांनी कधीही बदलू नये.

हिंडत्याफिरत्या ज्येष्ठांसाठी न्हाणीघरात पकडदांडा आणि रात्री दिवा हवाच. सल्ल्यासाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन महाराष्ट्रातही उपलब्ध आहे.