अंड्यांचा रस्सा : जवसाची जोड



चंद्रपूर-गडचिरोलीकडील धानपट्ट्यात अनेक घरी चार-सहा गावरान कोंबड्या असतात. अंडी मात्र बाजारात जातात आणि मुलांच्या ताटात नुसता वरण-भात राहतो. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. तेव्हा आठवड्यातून दोनदा तरी अंडी घरीच ठेवावीत.

पाच जणांसाठी ६ अंडी घ्यावीत. कोंबडी कोठेही आडोशाला अंडे घालते, म्हणून प्रथम ती पाण्यात सोडून पाहावीत. तळाशी आडवे राहते ते ताजे; तरंगणारे टाकून द्यावे. अगदी आजच्या अंड्याचे टरफल नीट सुटत नाही, तीन-चार दिवसांचे बरे. १० ते १२ मिनिटे उकळून लगेच थंड पाण्यात टाकावीत. जास्त उकळल्यास बलकाभोवती हिरवट कडा येते. ती गंधक व लोहाच्या संयोगाने येते, अपायकारक नसते.

२ चमचे जवस खमंग भाजून कुटावेत. कच्चे वापरू नयेत. २ कांदे, आले व लसूण यांचे वाटण तेल सुटेपर्यंत परतावे. घाई येथेच नडते. हळद, तिखट, धनेपूड व १ टमाटर घालून ३ पेले गरम पाणी व मीठ टाकावे. उकळी आल्यावर जवसाचे कूट भुरभुरत ढवळावे, एकदम टाकल्यास गुठळ्या होतात. जवसाच्या चिकटपणामुळे रस्सा दाटतो व खोबऱ्याचा खर्च वाचतो. अंड्यांना चिरा देऊन मंद आचेवर ५ मिनिटे शिजवावे, वरून सांबार पेरावा.

उन्हाळ्यात उरलेला रस्सा सकाळपर्यंत ठेवू नये.