ब्लूजचा अंक काढायचाय? आधी सोळाचा पाढा म्हणा

सोळा, बत्तीस, अठ्ठेचाळीस. अंक काढणाऱ्याला एवढा पाढा पुरतो, पण तो पाठ हवा. काही वर्षांपूर्वी आम्ही मित्रांनी एका अंकाची 52 पानं जुळवली होती. एका लेखावर कात्री चालवायला मन होईना, म्हणून 48च्या पुढे चार पानं वाढवली. बिल हातात पडलं तेव्हा कळलं, त्या चार पानांना वेगळ्या प्लेटा लागल्या, मशीन पुन्हा लावावं लागलं आणि कागद वाया गेला तो वेगळाच. 23 बाय 36 इंची एका तावावर दोन्ही बाजू मिळून मासिकाच्या आकाराची, म्हणजे ए-फोरहून जराशी आखूड, 16 पानं बसतात. हा एक फर्मा. त्याच्या तुकड्यात कधी पडू नका.

हे आठवायचं कारण वसईतल्या नंदाखाल गावची दोन मुलं. एक चर्चच्या क्वायरमध्ये गिटार वाजवतो, दुसरा लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन. त्यांना मराठीत ब्लूजचं मासिक काढायचंय, तेही पूर्ण रंगीत. कल्पना खुळचट नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच गावचे, आणि त्यांनी ‘सुवार्ता’ मासिक 1983 ते 2007 अशी चोवीस वर्षं सांभाळलं. अंक वाचायची आणि वर्गणी भरायची सवय वसईला आहे. संगीताचं म्हणाल, तर 1950च्या दशकात निरंजन झवेरी आणि त्यांच्या मित्रांनी मुंबईत ‘ब्लू रिदम’ हे जॅझचं मासिक काढलं होतं. ते फार टिकलं नाही. झवेरींची ‘जॅझ यात्रा’ मात्र 1978मध्ये सुरू होऊन नावारूपाला आली. अमित सैगल यांनी 1993मध्ये ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ सुरू केलं ते अलाहाबादेतून. म्हणजे मोठं शहर हवंच असं नाही. मोठी कंपनीही लागत नाही: शिकागोत 1970मध्ये ‘लिव्हिंग ब्लूज’ सुरू केलं ते काही वेड्या चाहत्यांनीच.

माझा सल्ला एवढाच होता, की मासिक नको, सहामाही काढा. एक अंक नाताळात, एक जूनमध्ये. दर महिन्याला 48 पानं भरायची म्हणजे तिसऱ्या महिन्यात विकिपीडिया मराठीत उतरवायची वेळ येते.

आता पैसे. पुढचे दर मी हिशेबापुरते धरलेत. तुम्ही तीन छापखान्यांत लेखी कोटेशन घ्या आणि प्लेट, छपाई, कागद, बायंडिंग वेगवेगळं लिहून मागा. ‘अमुक रुपये प्रत’ असं ठोक सांगणाऱ्याकडे तुलना करायला काही उरत नाही.

48 पानं, 500 प्रती, आतली पानं काळ्या शाईत, 70 जीएसएम मॅपलिथो. एका प्रतीला तीन ताव, म्हणजे 500 प्रतींना तीन रीम. सेटिंगमध्ये जाणारा धरून चार. या कागदाचा एक रीम साधारण पावणेएकोणीस किलो भरतो. किलोला 90 रुपये धरले तर चार रीमचे पावणेसात हजार. सहा प्लेटा, प्रत्येकी 450 प्रमाणे 2,700. छपाई सहा बाजूंची, 600 प्रमाणे 3,600. रंगीत आर्ट कार्डचं मुखपृष्ठ 6,000, मधोमध पिना मारून बायंडिंग प्रतीला तीन रुपयांनी 1,500. झाले 20,550. डीटीपी पानाला 120 आणि मुद्रितशोधन 25 धरून आणखी 6,960. लेखकांचं मानधन सहा हजार आणि मुखपृष्ठाच्या चित्रकाराचे तीन हजार. हे दोन आकडे कापायचे नाहीत, चहा कापा. एकूण 36,510, प्रतीला 73 रुपये. छपाईच्या बिलावरचा जीएसटी यावर चढेल. नियतकालिकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, हे ऐकायला बरं वाटतं. पण त्यामुळेच छापखान्यात भरलेला कर विक्रीतून वळताही करून घेता येत नाही.

आतली पानं रंगीत करायची तर सहाच्या जागी 24 प्लेटा आणि छपाईही चौपट. 18,900 रुपये जास्त, प्रतीला 38. कशासाठी? ब्लूजगायक मडी वॉटर्सचा कृष्णधवल फोटो कृष्णधवलच चांगला दिसतो. आणि ‘सध्या 250च छापू’ म्हणणाऱ्यांनी ऐका, प्लेटा आणि मशीन-सेटिंग तेवढंच राहतं. वाचतात जेमतेम चार हजार.

नोंदणीचं काम पूर्वीइतकं जाचक नाही. 1867चा छापखान्यांचा कायदा गेला. 1 मार्च 2024पासून नवा कायदा लागू आहे आणि नाव व नोंदणी दोन्हींचा अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर एकत्र होतो. आपल्या बाबतीत तो पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या नजरेखालून जातो. आयएसएसएन क्रमांक दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्रातून फुकट मिळतो. त्यासाठी पैसे मागणारा दलाल भेटला तर उठून या.

सगळ्यात जास्त गफलत होते ती गाण्यांच्या ओळींपाशी. ब्लूजवर लिहिताना ओळी छापाव्याशा वाटणारच, कारण साचाच तसा आहे: बारा बारचं आवर्तन, पहिली ओळ दोनदा आणि तिसरी तिला उत्तर. जात्यावरच्या ओवीशेजारी त्या ओळी ठेवून बघायचा मोह कुणाला होणार नाही? पण आपल्याकडे शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो, आणि ती वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजतात. ब्लूजचे संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी 1958मध्ये गेले, त्यांच्या एकट्याच्या रचना 2019पासून भारतात मोकळ्या. मडी वॉटर्स 1983मध्ये गेले, त्यांच्या 2043 संपेपर्यंत नाहीत. टीकेसाठी एखादी ओळ उद्धृत करणं वेगळं आणि अख्खं गाणं भाषांतरासकट छापणं वेगळं. दुसऱ्याला हक्कदार कंपनीची लेखी परवानगी लागते आणि तिचं बिल डॉलरमध्ये येऊ शकतं. फोटोंचंही तेच. इंटरनेटवर सापडला म्हणजे फुकट झाला असं नाही. त्यापेक्षा मुंबईतल्या मैफिलींत ओळखीच्या फोटोग्राफरला पाठवा. महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल 2011मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत सुरू झाला, ब्लूज गिटारवादक बडी गाय तिथे वाजवून गेलेत. विरारहून एका लोकलचं अंतर. शिलाँगच्या ‘सोलमेट’ या ब्लूज बँडची दीर्घ मुलाखत घ्या. ऐकण्यासाठी लेखाखाली क्यूआर कोड छापा, पण तो कंपनीच्या अधिकृत ध्वनिमुद्रणाकडेच जाऊ द्या.

टपालात लोक फसतात. वृत्तपत्रांसाठीचा स्वस्त दर वर्षानुवर्षं पैशांत मोजला गेलाय, पण ती सवलत आखली गेली ती 31 दिवसांच्या आत निघणाऱ्या आणि किमान 50 खरे वर्गणीदार असलेल्या नियतकालिकांसाठी. सहामाही त्यात बसत नाही. 2025मध्ये सुरू झालेली पुस्तकांसाठीची ‘ज्ञान पोस्ट’ सेवाही ठरावीक काळाने निघणाऱ्या अंकांसाठी नाही. रजिस्टर पोस्ट 1 सप्टेंबर 2025पासून स्पीड पोस्टमध्ये मिसळलं. तेव्हा पाकिटासकट प्रतीमागे 50 रुपये बाजूला ठेवा. जवळच्या आगाशी, बोळींज, निर्मळला सायकलवरून टाका.

किंमत 150 ठेवली तर दुकानदार 30 ते 40 टक्के घेतो. हातात 90 ते 105 येतात, आणि न खपलेल्या प्रती परत. म्हणून भिस्त वर्षाच्या 300 रुपये वर्गणीवर. जाहिराती मागायला बँडवाले, मंडपवाले, गिटार दुरुस्त करणारे, केक करणाऱ्या बायका यांच्याकडे जा. मलपृष्ठाचे पाच हजार सांगा, चार द्यायला ते तयार असतात. रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात टेबल लावायचं असेल तर आधी फादरांना विचारा.

पावतीपुस्तक 50 पावत्यांचं घ्या. तीन पुस्तकं संपली की 45,000 जमतात. त्यात पहिला अंक आणि त्याचं टपाल भागतं, जीएसटीला थोडं खिशातून घालावं लागेल. दोघांनी परवा पहिलं पुस्तक नेलं. सॅक्सोफोनवाल्याने पहिली पावती माझ्याच नावाने फाडली आणि सुटे नाहीत म्हणून पाचशेच ठेवून घेतले.