शनिवार-रविवार बडोद्यात

प्रश्न : नोकरीमुळे बडोद्याला आलोय. पुण्याहून आई-बाबा शनिवार-रविवार येताहेत. त्यांना कुठे नेऊ, काय खाऊ घालू?

उत्तर : मॉलच्या नादी लागू नका. दांडिया बाजार-रावपुरा हा भाग धरा. गायकवाडांच्या काळापासून मराठी घरं इथे गुजराती शेजारात नांदताहेत. सकाळी सेव उसळ खा. महाकालीची प्रसिद्ध आहे. वाटाण्याची उसळ, वर सेव, कांदा, सोबत पाव आणि वेगळी तिखट तरी. तरी जपून, मिसळीच्या गर्वाने आलेले पुणेकरही इथे पाणी मागतात! मग तांबेकर वाडा बघा. दिवाणांचा हा लाकडी वाडा, भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं. कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत, तीही चुकवू नका.

रविवारी लक्ष्मीविलास राजवाडा (1890), मग फत्तेसिंह संग्रहालयातली राजा रविवर्म्यांची चित्रं. बाबांचे गुडघे दुखत असतील तर राजवाड्याऐवजी सयाजीबागेतली सावली बरी. परतीच्या पिशवीत दुलीरामचे पेढे आणि लीलो चिवडा हवाच. चिवडा ओलसर असतो, तेव्हा घरी पोचल्यावर लवकर संपवायला सांगा.