उपसा सिंचनाच्या मोटरला ब्रेकर की कॉन्टॅक्टर?

कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या काठी सहकारी पाणीपुरवठा संस्थांनी नदीचे पाणी माळावर नेले. मोठ्या योजनांवर ३.३ किंवा ६.६ किलोव्होल्टच्या मोटरी असतात. तेथे पॅनेल बदलताना संचालकांपुढे दोन दरपत्रके येतात : व्हॅक्युम सर्किट ब्रेकरचे आणि लॅचच्या व्हॅक्युम कॉन्टॅक्टरचे. कॉन्टॅक्टर बहुधा स्वस्त पडतो. पण केवळ किमतीवर निवड करू नये.

ब्रेकर शॉर्ट सर्किटचा २५ हजार अँपिअरचा प्रवाहसुद्धा स्वतः तोडू शकतो. मात्र त्याची यंत्रणा साधारणपणे १० हजार वेळा चालू-बंद होण्यासाठी बनविलेली असते. बारमाही रोज ६ वेळा मोटर सुरू केली तर हा हिशेब साडेचार वर्षांत पुरा होतो. दिवसातून एकदाच चालणाऱ्या पंपाला ही अडचण नाही. कॉन्टॅक्टर लाखाहून अधिक वेळा चालतो, परंतु शॉर्ट सर्किट तोडणे त्याचे काम नव्हे. त्यासाठी एचआरसी फ्यूज जोडावेच लागतात.

खरी मेख लॅचमध्ये आहे. आपल्या विहिरीवरचा स्टार्टर वीज जाताच पडतो, कारण नो-व्होल्ट कॉईल त्याला धरून असते. लॅचचा कॉन्टॅक्टर खटक्याने अडकलेला असतो. वीज गेली तरी तो जोडलेलाच राहतो. वीज परत आली की मोटर आपोआप सुरू होते. त्या वेळी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळत असेल तर पाइपातले पाणी पंपाला उलटे फिरवत असते. अशात शाफ्ट तुटतो. कपलिंगपाशी माणूस काम करीत असेल तर काय होईल, हे सांगायला नको. ब्रेकरही खटक्यावरच उभा असतो, हे विक्रेते क्वचितच सांगतात.

म्हणून दोन्हींना अंडरव्होल्टेज रिले आणि बॅटरीवर चालणारी ट्रिप कॉईल हवीच. बॅटरी उतरलेली असेल तर रिले असून नसून सारखाच. कॉन्टॅक्टरला आणखी एक अट घालावी : एक फ्यूज उडाला तरी त्याच्या पिनने तिन्ही फेज तुटले पाहिजेत, नाहीतर मोटर दोन फेजवर जळते.

आमच्या मते पंपासाठी साधा, कॉईलने धरलेला कॉन्टॅक्टर व फ्यूज हीच पहिली निवड. क्षणभर दाब उतरला तरी पुरवठा तुटू नये अशा ट्रान्सफॉर्मरच्या फीडरला लॅचचा घ्यावा. मुख्य येणाऱ्या लाइनला, तसेच योग्य फ्यूज मिळत नाही इतक्या मोठ्या मोटरला, ब्रेकरच लागतो.

पॅनेल ताब्यात घेताना मोटर चालवून मुख्य पुरवठा बंद करावयास लावावा. खटका सुटल्याचा आवाज आला पाहिजे. हीच चाचणी दर हंगामापूर्वी जाणकार वायरमनकडून करून घ्यावी.