जुन्या ट्रॅक्टरचा पट्टा व रेडिएटर यांची निगा

वाटूर परिसरात सोयाबीनची मळणी सुरू झाली की भुसा रेडिएटरच्या जाळीत साचतो, हवा अडते व इंजिन तापते. पट्टा सैल असल्यास पंखा व पाण्याचा पंप मंदावून हाच परिणाम होतो. म्हणून रोज सकाळी, इंजिन थंड असताना, पुढील तपासणी करावी.

पट्टा मध्यभागी अंगठ्याने दाबावा. तो सामान्यतः सुमारे १२ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच, दबावा. अधिक दबल्यास डायनामो बाहेरच्या अंगास सरकवून ताण द्यावा. मात्र अतिताणाने बेअरिंग झिजते. भेगाळलेला पट्टा बदलावा. जाळीतील भुसा पंख्याच्या बाजूने बाहेर फुंकून काढावा. विहिरीच्या जड पाण्याने आत खार धरतो. शुद्ध पाणी व कूलंट वापरावे.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये; उसळत्या वाफेने चालक भाजतो. तापल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास ब्लॉकला तडा जाण्याचा संभव असतो.